नभोवाणी : वाचिक ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण

भाषण, निवेदन, मुलाखत, श्रुतिका इ. नभोवाणी कार्यक्रमांसाठी मानवी आवाजाचे मुद्रण करणे, त्यावर आवश्यक ते संस्करण करणे व त्यास संगीत, परिसरातील ध्वनी आणि अन्य वक्त्यांचे आवाज यांची जोड देऊन एकसंध श्राव्य कार्यक्रम सिद्ध करणे, यास वाचिक ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण असे म्हणतात. संगीताच्या ध्वनिमुद्रणात नादाची समृद्धी हे मुख्य साध्य असते. वाचिक मुद्रणात शब्दाची सुबोधता हे पहिले साध्य असून आवाजाचा गोडवा त्यानंतर येतो. नभोवाणीचा श्रोता बोलणाऱ्याचे ओठ पाहू शकत नाही आणि निसटलेले वाक्य त्याला परत ऐकता येत नाही. तो बहुधा स्वयंपाकघरात, शेतात, दुकानात किंवा प्रवासात असतो व त्याच्याजवळचा ध्वनिक्षेपक तळहाताएवढा असतो. या माध्यमातील जवळजवळ सर्व तांत्रिक संकेत या श्रोत्याच्या परिस्थितीतून उत्पन्न झालेले आहेत.

भारतातील नियमित नभोवाणीचा प्रारंभ इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने २३ जुलै १९२७ रोजी झाला. १९३६ मध्ये या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले आणि १९५७ पासून ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ झाले. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या मराठी व हिंदी भाषकांच्या संयुक्त प्रांताची राजधानी होती. विदर्भातील विखुरलेली खेडी आणि कापूस, ज्वारी, तूर व संत्री पिकविणारा शेतकरी हा या केंद्राचा मोठा श्रोतृवर्ग होय. अशा श्रोत्यासाठी केलेल्या कार्यक्रमात एखादा आकडा चुकीचा ऐकला गेला, तर त्याचे परिणाम करमणुकीच्या कार्यक्रमातील चुकीपेक्षा निराळे असतात. कीटकनाशकाची मात्रा सांगताना ‘आठ मिलीलिटर’ आणि ‘साठ मिलीलिटर’ यांत केवळ एका ‘स’चा फरक आहे आणि तो ‘स’ श्रोत्यापर्यंत पोहोचविणे हे मुद्रकाचे काम आहे.

आवाजाचे स्वरूप : मानवी आवाजाची मूळ कंप्रता पुरुषांत सामान्यतः १०० ते १५० हर्ट्‌झ व स्त्रियांत १८० ते २५० हर्ट्‌झ इतकी असते. स्वरांमधील बहुतेक ऊर्जा १,००० हर्ट्‌झच्या खाली एकवटलेली असते; आवाजाचा भरदारपणा व ओळख यांचा मोठा भाग तेथे असतो. शब्दांतील भेद मात्र प्रामुख्याने व्यंजनांवर अवलंबून असतो आणि व्यंजनांची ऊर्जा अत्यल्प असून ती उच्च कंप्रतांकडे झुकलेली असते. ‘श’ या वर्णाची घर्षणऊर्जा साधारणतः २,५०० हर्ट्‌झपासून पुढे, तर ‘स’ची ४,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या वर आढळते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद शेवटच्या स्पर्शव्यंजनाच्या क्षणिक स्फोटात व त्याआधीच्या स्वराच्या वळणात सामावलेला असतो. बोलण्यात शेवटचे व्यंजन बहुधा क्षीण होत असल्याने तो भेद सहज पुसला जातो. म्हणून आवाज ‘भारदस्त’ करण्यासाठी खालच्या कंप्रता वाढविण्याची जी हौस नवशिक्या मुद्रकांत आढळते, ती सुबोधतेच्या मुळावर येते. भारदस्त वाटणारा आवाज छोट्या ग्राहीवर केवळ गुरगुरतो.

मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात ही अडचण अधिक तीव्र होते. १९७५ च्या जिनीव्हा योजनेनुसार आशिया खंडात या लहरींवरील लगतच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवलेले असल्यामुळे सामान्य ग्राहीवर सुमारे ४,५०० हर्ट्‌झच्या वरील ध्वनी क्वचितच ऐकू येतो, म्हणजेच ‘स’चा बराचसा भाग वाटेतच गळून पडतो. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन येणाऱ्या तरंगांमुळे आवाज कमीजास्त होतो, ही आणखी एक अडचण. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय प्रसारण सेवेसाठी, देशाचा मध्य म्हणून, नागपूर येथे १,००० किलोवॉट शक्तीचा मध्यम लहरी प्रक्षेपक वापरण्यात येत असे. दिल्लीत बोललेला शब्द नागपूरहून निघून दूरच्या प्रांतात रात्रीच्या वेळी ऐकला जाई. ही सेवा जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. अशा दूरश्रवणात मागे वाजणारे तरल पार्श्वसंगीत शब्दाला साथ देत नाही. चढउतारांच्या वेळी ते शब्दात मिसळून त्याला गढूळ करते. एफएम प्रक्षेपणात १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी जात असल्याने हा प्रश्न उरत नाही, पण तेथे दुसरा उद्‌भवतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

मुद्रणकक्ष : भाषणाच्या मुद्रणाचा दर्जा ठरविणाऱ्या घटकांत कक्षाचा क्रमांक यंत्रांच्या आधी लागतो. बंद खोलीत मायक्रोफोनवर वक्त्याचा थेट आवाज पडतो, त्याचप्रमाणे भिंती, छत, काच व टेबल यांवरून परावर्तित झालेला आवाजही पडतो. ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने खाली येण्यास लागणारा काळ म्हणजे निनादकाल होय. भाषणाच्या स्टुडिओत तो सुमारे ०.३ ते ०.४ सेकंद ठेवतात. मोठ्या संगीत-स्टुडिओत तो १ सेकंदाहून अधिक असू शकतो [⟶ ध्वनिकी]. निनाद अगदीच नाहीसा केला, तर आवाज कोंदट व निर्जीव वाटतो आणि वक्ताही नकळत ओरडून बोलू लागतो. भिंतींना पातळ सच्छिद्र फरश्या लावून काम भागते, हा समज सर्वत्र दिसतो. अशा फरश्या केवळ उच्च कंप्रता शोषून घेतात व नीच कंप्रतांचे घुमणे तसेच ठेवतात. परिणामी खोली शांत भासते, परंतु आवाज पेटीत बोलल्यासारखा उमटतो. नीच कंप्रता शोषण्यासाठी जाड थर, त्यामागे हवेची पोकळी किंवा कंप पावणारे लाकडी तक्ते लागतात.

टेबलावरील परावर्तन हा दोष विशेष फसवा असतो. थेट व परावर्तित मार्गांत ३४ सेंमी. फरक असेल, तर परावर्तित ध्वनी सुमारे १ मिलीसेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे ५००, १,५०० व २,५०० हर्ट्‌झ या कंप्रता एकमेकींना क्षीण करतात व आवाज नळीतून आल्यासारखा होतो. हा दोष कोणत्याही संस्करणाने दूर होत नाही. टेबलावर जाड कापड अंथरणे, कागद टेबलावर न ठेवता हातात तिरपे धरणे व मायक्रोफोन टेबलापासून अलग टांगणे, हे उपाय साधे व परिणामकारक आहेत. वाचनाची संहिता टाचणीने जोडू नये. पाने सुटी ठेवून एकेक बाजूस सरकवावीत, ही सूचना स्टुडिओत प्रत्येक नव्या वक्त्यास दिली जाते आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा द्यावी लागते.

नागपूरसारख्या शहरात स्टुडिओबाहेर, म्हणजे घरी किंवा कार्यालयात, मुद्रण करणाऱ्यास हवामानाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. त्या काळात पंखा आणि खिडकीतील कूलर बंद ठेवून फार वेळ बोलणे शक्य नसते आणि ते चालू ठेवले तर त्यांची घरघर प्रत्येक शब्दाखाली बसते. पंख्याचा झोत मायक्रोफोनवर आल्यास नीच कंप्रतांचे धक्केही नोंदले जातात. अशा वेळी पहाटे, गाद्या, गोधड्या व कपड्यांची कपाटे असलेल्या आतील खोलीत, चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी मुद्रण करणे हा महागडी साधने घेण्यापेक्षा चांगला मार्ग होय. मुद्रणाच्या आरंभी कोणी न बोलता त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता नोंदवून ठेवावी. संपादनात शब्दांमधील जागा भरण्यास ती लागते. पूर्ण निःशब्दतेचा तुकडा जोडला तर कानास तेथे खळगा जाणवतो.

मायक्रोफोन व अंतर : नभोवाणीत फीत, चलकुंडल व धारित्र या तीन प्रकारचे मायक्रोफोन वापरले गेले आहेत. पातळ धातूची फीत चुंबकीय क्षेत्रात कंप पावणारा मायक्रोफोन पुढून व मागून सारखाच ध्वनी घेतो आणि दोन्ही कडांकडून जवळजवळ घेत नाही. त्याचा नाद मऊ असल्याने १९३० नंतरच्या दशकांत तो भाषणे व श्रुतिका यांसाठी जगभर मान्यता पावला. चलकुंडल मायक्रोफोन दणकट असून बाहेरच्या मुद्रणास उपयोगी पडतो. धारित्र मायक्रोफोन अधिक संवेदनशील असतो. तो सूक्ष्म तपशील टिपतो, तसाच शेजारच्या घरातील कुकरची शिट्टीही टिपतो. प्रतिकूल खोलीत महाग धारित्र मायक्रोफोनपेक्षा जवळून वापरलेला साधा चलकुंडल मायक्रोफोन पुष्कळदा सरस ठरतो.

मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट केले, की थेट आवाज ६ डेसिबेलने घटतो. खोलीचा निनाद मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. यामुळे अंतर हाच थेट व परावर्तित ध्वनीचे प्रमाण ठरविणारा मुख्य घटक बनतो. सामान्य निवेदनास १५ ते २५ सेंमी. अंतर योग्य असते. याहून जवळ गेल्यास दिशासंवेदी मायक्रोफोनमध्ये नीच कंप्रता अवाजवी वाढतात. या गुणाचा उपयोग स्वगत किंवा कुजबुज यांसाठी हेतुपूर्वक करतात; सरसकट केल्यास ऐकणाऱ्यास वक्ता अंगावर आल्यासारखा वाटतो. बोलताना मान हलली, की पातळी व नाद दोन्ही बदलतात. पाठ टेकून बसलेला व नजर एका उंचीवर ठेवणारा वक्ता मुद्रकाचे निम्मे काम हलके करतो.

मराठीच्या वर्णव्यवस्थेमुळे काही प्रश्न विशेष जाणवतात. ख, घ, थ, ध, फ, भ या महाप्राण वर्णांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो व तो सरळ पडद्यावर आदळल्यास धप्प असा आघात उमटतो. मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळविल्यास झोत निघून जातो व ध्वनी मात्र पोहोचतो. ताणलेल्या पातळ कापडाची जाळीही उपयोगी पडते. ‘चमचा’, ‘जहाज’ यांतील दंततालव्य च, ज आणि स, श हे वर्ण काही वक्त्यांच्या तोंडी शिट्टीसारखे उमटतात. त्यांसाठी मायक्रोफोन ओठांच्या रेषेपेक्षा किंचित वर वा खाली नेणे हा पहिला उपाय होय. वऱ्हाडी व नागपुरी बोलीतील मुलाखतीत वक्त्याची लय व हेल राखणे महत्त्वाचे असते. ग्रामीण वक्त्यास ‘शुद्ध’ बोलण्याचा आग्रह केल्यास तो अडखळतो आणि अडखळणे कोणत्याही यंत्राने सुधारत नाही.

दोन वक्त्यांसाठी दोन मायक्रोफोन असल्यास, प्रत्येकाचे आपल्या मायक्रोफोनपासून जे अंतर असेल त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांत राखावे. अन्यथा एकाचा आवाज दोन्हींत कमीअधिक उशिराने शिरून वर सांगितलेला नळीचा दोष उत्पन्न होतो. एका मायक्रोफोनची तार उलट जोडली गेली असेल, तर एकमार्गी ग्राहीवर दोन्ही आवाज एकमेकांस अंशतः पुसून टाकतात. द्विमार्गी कर्णश्रवण यंत्रावर ऐकणाऱ्या मुद्रकाच्या हे लक्षातही येत नाही.

संस्करण : मुद्रित आवाजावरील संस्करणाचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून टाकतात, कारण तेथे शब्दाचे काही नसते. रस्त्यावरील वाहनांचा हादरा, झोताचे धक्के व ५० हर्ट्‌झच्या विद्युत् पुरवठ्याची गुणगुण तेथे असते. त्यानंतर इक्वलायझरने आवाजातील विशिष्ट दोष कमी करतात. २०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये साचलेला कोंदटपणा थोडा उतरविल्यास आवाज मोकळा होतो. २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात २-३ डेसिबेल वाढ दिल्यास व्यंजने पुढे येतात. याहून मोठी दुरुस्ती करावी लागत असेल, तर चूक मायक्रोफोनच्या जागेत आहे असे समजून पुन्हा मुद्रण करणे श्रेयस्कर.

बोलताना आवाजाची पातळी सतत वरखाली होत असते. वाक्याच्या आरंभी जोर व शेवटी उतार हा मराठी गद्यवाचनाचा स्वभावच आहे, आणि मराठीत क्रियापद व नकार वाक्याच्या शेवटी येतात! ‘फवारणी करावी’ व ‘फवारणी करू नये’ यांतील निर्णायक शब्द नेमके उतारावर पडतात. कंप्रेसर या साधनाने ठरावीक पातळीच्या वरील वाढ आटोक्यात आणतात. २:१ गुणोत्तर म्हणजे मर्यादेवर २ डेसिबेल वाढ झाली तर बाहेर १ डेसिबेलच वाढते. भाषणासाठी २:१ ते ४:१ गुणोत्तर पुरते. यानंतर एकूण पातळी वाढविली, की वाक्याचा शेवट वर येतो. पण त्याबरोबर श्वास, पंखा आणि निनादही वर येतात. शांत खोलीचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. अतिरेकी संकोचनाने आवाज सपाट होतो व दहा मिनिटांत कानास शीण येतो. जाहिरातींत हा अतिरेक रूढ झाला असला, तरी भाषणात तो अनुकरणीय नाही. वक्त्याने शेवटचा शब्द गिळू नये असे त्याला आधी सांगणे, हे अर्थात सर्वांत स्वस्त साधन होय.

एफएम प्रक्षेपणात उच्च कंप्रता प्रक्षेपणापूर्वी वाढवितात व ग्राहीत तेवढ्याच घटवितात. या योजनेने ग्राहीतील खरखर कमी होते. परंतु मुद्रणातच ‘स’ तीव्र असेल, तर या वाढीमुळे प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जाऊन तो फाटल्यासारखा ऐकू येतो. यास्तव ५,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यातील सीत्कार केवळ तेवढ्या क्षणापुरता दाबणारे साधन वापरतात.

मिश्रण : मिश्रणात शब्द हा स्वामी व इतर सर्व ध्वनी त्याचे सेवक, असा संकेत आहे. निवेदनाखालील संगीत शब्दापेक्षा साधारणतः १५ ते २० डेसिबेल खाली ठेवतात. केवळ पातळीने मात्र काम भागत नाही. संवादिनी, सारंगी, व्हायोलिन यांचे सूर मानवी आवाजाच्याच पट्ट्यात सलग वावरत असल्याने ते कमी पातळीवरही शब्द झाकतात; तबला वा संतूर यांच्या आघातांमध्ये शब्दास जागा मिळते. निवेदनाखाली गायन ठेवणे सर्वथा वर्ज्य मानावे, कारण कान दोन भाषणे एकाच वेळी उकलू शकत नाही. संगीत पहिल्या शब्दाच्या सुमारे अर्धा सेकंद आधी खाली यावे व शेवटच्या शब्दानंतर थोडे थांबून वर जावे. हे काम स्वयंचलित साधने करतात, परंतु यंत्राला फक्त पातळी कळते. फेडरवर बोट ठेवून बसलेल्या तंत्रज्ञास वाक्य कोठे संपणार हे कळत असते आणि हा फरक ऐकू येतो.

श्रुतिकेत मिश्रणाचे बरेच काम पात्रनिवडीत होऊन जाते. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या लोकप्रिय मालिकेत प्रभाकर जोशी, नीलम प्रभू व बाळ कुडतरकर यांचे आवाज इतके भिन्न होते, की कोण बोलत आहे हे सांगावे लागत नसे. पात्र दूरून येते आहे हे दाखविण्यासाठी फेडर हळूहळू वर नेणे चुकीचे होय. खरोखर दूर असलेल्या माणसाच्या आवाजात निनादाचे प्रमाण अधिक असते. यामुळे नटानेच मायक्रोफोनकडे चालत यावे.

पूर्वी संपादन चुंबकीय फितीवर होत असे. दर सेकंदास ३८ सेंमी. वेगाने धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा विराम म्हणजे १९ सेंमी.चा तुकडा. तो पात्याने तिरपा कापून चिकटपट्टीने जोडीत. चूक दुरुस्त करणे कष्टाचे असल्याने कापण्यापूर्वी विचार होई. संगणकावर प्रत्येक श्वास व विराम क्षणात नाहीसा करता येतो, आणि तसे केलेली मुलाखत ऐकताना माणूस धावत बोलत असल्याचा भास होतो. श्वास कमी करावा, काढू नये; उत्तरापूर्वीचा विराम हा पुष्कळदा उत्तराचाच भाग असतो.

पातळीमापन व परीक्षण : पातळी दर्शविण्यासाठी १९३९ पासून व्हीयू मापक प्रचारात आला. त्याचा काटा संथ असल्याने भाषणातील क्षणिक शिखरे तो ८ ते १० डेसिबेलने कमी दाखवितो. यासाठी शिखरमापकाची जोड देतात. ही दोन्ही मापके विद्युत् पातळी दाखवितात, कानास जाणवणारी उच्चता दाखवीत नाहीत. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने उच्चता मोजण्याची पद्धत प्रमाणित केली आणि २०१० मध्ये यूरोपीय प्रसारण संघाने −२३ एलयूएफएस ही पातळी कार्यक्रमांसाठी शिफारस केली. भ्रमणध्वनीवर ऐकण्याच्या कार्यक्रमांसाठी −१६ च्या आसपासची पातळी रूढ आहे.

तयार कार्यक्रम मोठ्या ध्वनिक्षेपकांवर ऐकून मान्य करणे पुरेसे नाही. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला, तेव्हा पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत गावकरी एका ग्राहीभोवती बसून २० कार्यक्रमांची मालिका ऐकत व त्यावर चर्चा करीत. एकाच ग्राहीभोवती बसलेल्यांतील शेवटच्या माणसास जे ऐकू जाईल, तेच प्रसारित झाले असे धरावे लागते. आजचे परीक्षणही त्याच धर्तीवर करतात : मिश्रण एकमार्गी करून, लहान ध्वनिक्षेपकावर, हलक्या पातळीवर, शेजारी पंखा चालू ठेवून ऐकावे, आणि ज्याने संहिता वाचलेली नाही अशा व्यक्तीस त्यातील आकडे व नावे लिहून घेण्यास सांगावे. लिहिताना चुकलेला प्रत्येक शब्द मिश्रणात, मुद्रणात वा संहितेत कोठे हरवला हे मग शोधता येते. संहितेत ‘साठ, म्हणजे सहा दहा’ अशी पुनरुक्ती घालणे हाही एक मान्य उपाय आहे. मिश्रणाबरोबरच, संस्करण न केलेला मूळ आवाज स्वतंत्र जतन करतात, कारण संकोचन व मिश्रण झालेल्या ध्वनीतून तो पूर्ववत वेगळा काढता येत नाही.